मॉरिसचा प्रेशर रेग्युलेटर, जुन्या पंपाच्या जागी

इंदूरहून खंडव्याच्या रस्त्याने निघाले की सिमरोल मागे पडल्यावर भेरूघाट लागतो. गेल्या वर्षी रंगपंचमीची गेर, म्हणजे रंगांची मिरवणूक, होऊन आठवडा उलटला होता तेव्हा, म्हणजे मार्चअखेरीस, मी आणि माझा भाचा आमची १९६० सालची मॉरिस मायनर घेऊन चोरलपर्यंत गेलो होतो. जाताना घाट उतरायचा असल्यामुळे गाडी सुरेख चालली. परतीच्या चढावर मात्र दुसऱ्या गिअरमध्ये इंजिन अडखळू लागले, मागे काळा धूर दिसू लागला आणि बघता बघता गाडीत पेट्रोलचा उग्र वास भरला. मी गाडी कडेला घेतली, चावी फिरवून पंप बंद केला आणि बॉनेट उघडले. कार्बोरेटर म्हणजे पेट्रोल आणि हवा यांचे मिश्रण करणारा भाग; त्याच्या फ्लोट चेंबरमधून, म्हणजे पेट्रोल साठवणाऱ्या लहान कप्प्यातून, पेट्रोल बाहेर येत होते. धार नव्हती, पण थेंबामागून थेंब पडत होता, आणि ज्या बाजूला पडत होता त्याच बाजूला, हातभराच्या आत, घाट चढून तापलेले एक्झॉस्ट मॅनिफोल्ड, म्हणजे इंजिनातला धूर बाहेर नेणारा नळ, होते. भाच्याला मी गाडीपासून लांब उभे केले, बॅटरीची तार सोडवली आणि आग विझवण्याचा सिलिंडर हातात धरून इंजिन थंड होईपर्यंत पाऊण तास तिथेच थांबलो. काही झाले नाही. पण ते थेंब पाहताना अंगावर आलेला काटा मला आजही आठवतो, आणि म्हणूनच पेट्रोलचा दाब उतरवणारा रेग्युलेटर कुठे आणि कसा बसवावा यावर सविस्तर लिहावेसे वाटले.

आधी गाडीविषयी. मायनरमध्ये ९४८ सीसीचे ए-सिरीज इंजिन आहे, त्यावर एसयू कंपनीचा सव्वा इंची कार्बोरेटर आहे, आणि पेट्रोल ओढण्यासाठी मूळचा पंपही एसयूचाच, विजेवर चालणारा. त्या काळातल्या बहुतेक गाड्यांत इंजिनच्या कॅमशाफ्टवर चालणारा यांत्रिक पंप असे. मॉरिसने मायनरला विजेचा पंप दिला आणि तो बॉनेटखाली, फायरवॉलवर, म्हणजे इंजिन आणि बसण्याची जागा यांच्यामधल्या पत्र्यावर, बसवला. चावी फिरवली की तो टक्‌टक्‌ करू लागतो, फ्लोट चेंबर भरला की गप्प होतो. ज्यांनी ही गाडी वापरली आहे त्यांना तो आवाज ओळखीचा असेल. या पंपाचा दाब जेमतेम दीड पौंड असतो. पौंड म्हणजे पौंड प्रति चौरस इंच. आपल्याकडे गॅरेजमध्ये कोणी पूर्ण नाव घेत नाही, मीही घेणार नाही.

त्या पंपाचे पॉइंट, म्हणजे वीज जोडणारे-तोडणारे टोक, वारंवार जळत होते आणि डायफ्रॅम, म्हणजे आतला लवचीक पडदा, कडक झाला होता. सुटे भाग बाहेरून मागवायला वेळ लागणार होता, म्हणून ज्या गॅरेजमध्ये गाडी होती तिथल्या उस्तादांनी चौकोनी डबीसारखा दिसणारा नवा विजेचा पंप मागे टाकीजवळ बसवला. हे पंप मजबूत आणि स्वस्त असतात, परंतु त्यांतले बहुतेक चार ते सात पौंड दाब देतात. एसयू कार्बोरेटरमध्ये पेट्रोल आत येण्याची वाट एका लहानशा सुईने बंद होते. फ्लोट वर उचलला गेला की तो एका दुशाखी पट्टीला ढकलतो आणि ती पट्टी सुईला तिच्या बैठकीवर दाबते. सुई दाबून धरायला फ्लोटच्या उचलीखेरीज दुसरे काहीही नसते. पलीकडून दीड-दोन पौंडांनी पेट्रोल रेटत असेल तर फ्लोटला ते झेपते. चार-पाच पौंड रेटा आला की सुई किंचित उचललेलीच राहते, चेंबर काठोकाठ भरतो आणि पेट्रोल वरून वाहू लागते. म्हणून पंप आणि कार्बोरेटर यांच्यामध्ये दाब उतरवणारा रेग्युलेटर लागतो. तो आमच्या गाडीत होता. तरीही घाटात पेट्रोल वाहिले.

घरी आल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी, इंजिन गार असताना, मी तो उतरवला. रॉकर कव्हरच्या, म्हणजे इंजिनच्या माथ्यावरच्या झाकणाच्या, नटाखाली एक पातळ पट्टी अडकवून तिच्यावर तो बसवलेला होता. ती पट्टी वाकवलेल्या कोपऱ्यात अर्ध्यापर्यंत तडकली होती. रेग्युलेटर उघडला तेव्हा आतल्या झडपेच्या बैठकीवर पांढऱ्या रंगाचा, शिवणकामाच्या दोऱ्याएवढा एक धागा आडवा पडलेला दिसला. तो नळाच्या जोडांना गुंडाळतात त्या टेफ्लॉन टेपचा तुकडा होता. निपल, म्हणजे नळी जोडायचा आटेदार तुकडा, पिळताना टेपचा काठ कापला गेला, पेट्रोलबरोबर वाहत आत आला आणि झडप पूर्ण मिटू देईना. झडप मिटत नाही म्हटल्यावर पंपाचा सगळा दाब हळूहळू कार्बोरेटरपर्यंत पोहोचला. रेग्युलेटरला दाब दाखवणारे गेज होते, पण ते एअर फिल्टरच्या आड, अशा कोनात होते की बॉनेट उघडूनही ते वाचण्यासाठी आरसा लागला असता. ते दिसले असते तर घरून निघतानाच काटा वर गेलेला कळला असता.

मी पीथमपूरच्या एका कारखान्यात देखभाल विभागात उभी नोकरी केली. हवेच्या, तेलाच्या, पाण्याच्या लाइनींवर रेग्युलेटर बसवणे हे आमचे रोजचे काम होते. त्या अनुभवावरून मला ठामपणे वाटते की रेग्युलेटर कोणत्या कंपनीचा घेतला यापेक्षा तो कुठे बसवला याला जास्त महत्त्व आहे. मध्यम दर्जाचा रेग्युलेटर योग्य जागी वर्षानुवर्षे काम देतो. उत्तम रेग्युलेटर चुकीच्या जागी सहा महिन्यांत दगा देतो. शिवाय जुन्या गाडीच्या बाबतीत आणखी एक गोष्ट मी मनाशी पक्की केली आहे. पासष्ट वर्षांच्या पत्र्याला, तो टिकवण्यासाठी कितीतरी हातांनी खपलेले असताना, आपल्या सोयीसाठी नवे भोक पाडायचे नाही.

रेग्युलेटरच्या आत काय चालते हे डोळ्यांसमोर असले की जागा निवडणे सोपे जाते. आत एक डायफ्रॅम असतो. त्याच्या एका बाजूला स्प्रिंग, दुसऱ्या बाजूला कार्बोरेटरकडे निघालेले पेट्रोल. स्प्रिंग झडप उघडी ठेवू पाहते. बाहेरच्या लाइनमधला दाब वाढला की पेट्रोल डायफ्रॅमला स्प्रिंगविरुद्ध ढकलते आणि झडप मिटते. स्क्रू आत पिळला की स्प्रिंग जास्त दबते आणि दाब वाढतो, बाहेर काढला की कमी होतो. स्प्रिंगच्या बाजूला एक बारीकसे छिद्र असते, ज्यातून हवा आत-बाहेर होते. या छिद्राकडे कोणी लक्ष देत नाही. ते रंगाने किंवा धुळीने बुजले तर अडकलेली हवा उन्हाने फुगून दाब बदलते. आणि कधीकाळी डायफ्रॅम फाटला तर पेट्रोल बाहेर येते ते नेमके याच छिद्रातून. म्हणून रेग्युलेटरच्या खाली एक्झॉस्ट, डिस्ट्रिब्युटर, डायनॅमो किंवा बॅटरीचे टर्मिनल यांपैकी काहीही, म्हणजे तापणारे किंवा ठिणगी पडू शकणारे काहीही, असता कामा नये.

आता इंजिनवर तो का बसवू नये हे सांगतो. इंजिन रबराच्या माउंटिंगवर उभे असते, ते सतत थरथरते आणि क्लच सोडताना अंगाने झुलते. रेग्युलेटरच्या आतला डायफ्रॅम पातळ, त्याची स्प्रिंग नाजूक. त्यांना रात्रंदिवस ही थरथर सोसायला लावली तर दाब स्थिर राहत नाही आणि गेजची यंत्रणाही झिजते. दुसरे कारण उष्णतेचे. रॉकर कव्हरच्या खाली तापलेले तेल उडत असते, त्यामुळे त्यावर बसवलेली वस्तू इंजिनाइतकीच तापते. पेट्रोलचे हलके घटक फार कमी तापमानाला उकळू लागतात, आणि आता पंपावर मिळते ते २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल तर १९६० सालच्या इंजिनिअरांनी डोळ्यांसमोर ठेवलेलेच नव्हते. इंदूर समुद्रसपाटीपासून सुमारे ५५० मीटरवर आहे, इथल्या रात्री मे महिन्यातही सुखद असतात, पण दुपारी पारा चाळिशी ओलांडतोच. अशा दुपारी बॉनेटखाली पेट्रोलची वाफ झाली की गाडी रस्त्यात उभी राहते, आणि ती वाफ बहुधा लाइनच्या सर्वांत गरम तुकड्यातच होते.

मग उरतो गाडीचा पत्रा, म्हणजे आतल्या मडगार्डचा किंवा फायरवॉलचा. मायनरमध्ये कार्बोरेटर आणि एक्झॉस्ट दोन्ही इंजिनच्या डाव्या बाजूला, एकावर एक आहेत. त्यामुळे डावे मडगार्ड कार्बोरेटरच्या सर्वांत जवळ असले तरी मॅनिफोल्डची झळ त्याच्या पत्र्यावर सरळ पडते. उजव्या बाजूला झळ कमी, पण तिथे डिस्ट्रिब्युटर आणि डायनॅमो आहेत, आणि तिथून कार्बोरेटरपर्यंत होज, म्हणजे रबरी नळी, न्यायचा तर तो इंजिनवरून ओलांडून न्यावा लागतो. लांब होज हा स्वतंत्र त्रास आहे. माझा रेग्युलेटर परतीची लाइन नसलेला आहे. म्हणजे गाडी बंद केल्यावर रेग्युलेटर आणि सुई यांच्यामधले पेट्रोल तिथेच कोंडले जाते. इंजिन बंद झाल्यानंतरची पंधरा-वीस मिनिटे बॉनेटखाली सर्वांत जास्त तापतात, कारण पंखा थांबलेला असतो आणि वारा नसतो. कोंडलेले पेट्रोल तापून फुगते, दाब लावलेल्या आकड्याच्या वर जातो आणि सुईला रेटतो. ही लाइन जितकी आखूड तितके फुगणारे पेट्रोल कमी.

दोन दिवस मी बॉनेट उघडून नुसता बघत होतो. मग भाचा म्हणाला, "मामा, जुना पंप जिथे होता ती जागा रिकामीच आहे ना?" इतकी साधी गोष्ट माझ्या ध्यानात आली नव्हती. टाकीकडून येणारा मूळ धातूचा पाइप फायरवॉलवर त्याच जागी येऊन थांबतो, कार्बोरेटरकडे जाणारी लाइन तिथूनच निघते, पंपाच्या ब्रॅकेटचे दोन बोल्ट अजून तिथे होते, आणि बॉनेट उघडल्याबरोबर नजर जाते तीही तिथेच. ज्यांनी गाडी आखली त्यांनी पेट्रोलच्या वाटेवरची ही जागा विचारपूर्वक निवडली होती. फ्लोट चेंबरच्या झाकणाची उंची आणि या जागेची उंची यांतही फारसा फरक नाही, आणि तो फरक मोजण्याजोगा असतो. पेट्रोलचा दहा सेंटीमीटर उंचीचा स्तंभ सुमारे दशांश पौंड दाब देतो. मोठ्या दाबाच्या यंत्रणेत याला कोणी विचारत नाही, पण आपल्याला दीड पौंड लावायचा असताना वीस-पंचवीस सेंटीमीटरचा चढ-उतार दुर्लक्षून चालत नाही.

बॅटरीची काळजी तेवढी होती, कारण मायनरमध्ये तीही फायरवॉललगतच्या ट्रेवर असते. मी अंतर मोजले, छिद्राची दिशा बॅटरीच्या उलट बाजूला आणि खाली ठेवायची ठरवली, आणि टर्मिनलांवर जाड रबराच्या टोप्या चढवल्या. डायफ्रॅम फाटून पेट्रोल आलेच तर ते कुठून ओघळेल हे पाहण्यासाठी मी त्या जागेवरून कपभर पाणी सोडून पाहिले. ते फायरवॉलवरून सरळ खाली गेले, बॅटरीकडे किंवा मॅनिफोल्डकडे वळले नाही. एवढी खातरजमा केल्यावरच ब्रॅकेटच्या कामाला हात घातला.

ब्रॅकेट मी पोलोग्राउंडच्या एका छोट्या वर्कशॉपमध्ये तीन मिलिमीटर जाडीच्या पत्र्याचा करून घेतला. कारागीर गाडी बघायला बाहेर आले आणि म्हणाले, "भिया, सीधे फायरवॉल में दो छेद मार दूँ? पाँच मिनट का काम है." त्यांच्या दृष्टीने ते बरोबरच होते. मी त्यांना जुन्या बोल्टांची जागा दाखवली आणि पुठ्ठ्याचा नमुना दिला. त्यांनी तो पत्र्यावर ठेवला, खिळ्याच्या टोकाने रेघ ओढली आणि वाकवताना कोपऱ्याला गोलाई ठेवली. ती गोलाई मी मागितली नव्हती. आधीची पट्टी तडकली होती ती काटकोनात चेपून वाकवल्यामुळेच, आणि हे त्या गृहस्थांना न सांगता कळले. बोल्ट पाव इंची यूएनएफ, म्हणजे इंची मापाच्या बारीक, आट्यांचे आहेत. बाजारात सहज मिळणारे मेट्रिक बोल्ट तिथे जबरदस्तीने पिळले तर पासष्ट वर्षांचे आटे एका झटक्यात जातील. ब्रॅकेट आणि फायरवॉल यांच्यामध्ये मी सहा मिलिमीटरची हायलमची चकती घातली. इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळणारा हा तपकिरी पत्रा उष्णता फारशी पुढे जाऊ देत नाही, त्यामुळे फायरवॉलची ऊब थेट रेग्युलेटरच्या अंगात उतरत नाही. नट नायलॉनच्या कड्याचे वापरले.

जोडांविषयी मात्र थोडे थांबून सांगायला हवे, कारण खरा घात तिथे झाला होता. रेग्युलेटर परदेशी असल्यामुळे त्याचे आटे एनपीटी, म्हणजे अमेरिकन, पद्धतीचे होते. इंदूरच्या सियागंज बाजारात निपल मागितले की हातात पडते ते बहुधा बीएसपी, म्हणजे ब्रिटिश पद्धतीचे. पाव इंची मापात एनपीटीला इंचाला १८ आटे असतात, बीएसपीला १९. शिवाय आट्यांचा कोन एकात ६० अंशांचा, दुसऱ्यात ५५ अंशांचा. पहिले दोन-तीन फेरे निपल छान बसते, हाताला जुळल्यासारखे वाटते, मग घट्ट होते, आणि घट्ट झाले म्हणजे बसले असा समज होतो. प्रत्यक्षात त्यातून पेट्रोल झिरपते. झिरपणे थांबवायला टेप गुंडाळला जातो, आणि टेपचा काठ कापला जाऊन पुढे काय होते ते मी घाटात पाहिले. मी रेग्युलेटर घेऊन दुकानात गेलो, आट्यांचे गेज लावून योग्य निपल शोधून घेतले आणि जोडाला पेट्रोल सहन करणारे द्रवरूप सीलंट लावले, तेही पहिले दोन आटे कोरडे सोडून, म्हणजे जास्तीचे सीलंट आत न जाता बाहेर येते. टेफ्लॉन टेप घरच्या नळाला उत्तम आहे. पेट्रोलच्या लाइनमध्ये त्याला जागा देऊ नये.

होज मी सगळेच बदलले. इथेनॉलमुळे जुन्या प्रकारचे रबर फुगते, मऊ पडते आणि आतून काळा गाळ सोडू लागते. होजवर एसएई जे३० आर९ असा शिक्का असलेला घ्यावा. त्याच्या आतला थर अशा पेट्रोलला टिकणाऱ्या रबराचा असतो. रेग्युलेटर आता गाडीच्या अंगावर आणि कार्बोरेटर इंजिनवर, म्हणजे एक स्थिर आणि एक हलणारा, त्यामुळे मधला होज ताणून बसवला तर प्रत्येक झुलण्याचा ओढा कार्बोरेटरच्या झाकणावर येतो. मी त्याला हलका बाक दिला आणि इंजिन हाताने दोन्ही बाजूंना झुलवून तो कुठे घासत नाही ना हे पाहिले. फिल्टर रेग्युलेटरच्या आधी, टाकीच्या बाजूला बसवला, म्हणजे टाकीतला गंज झडपेपर्यंत येणार नाही. इटलीच्या मालपासी कंपनीच्या फिल्टर किंगमध्ये फिल्टर आणि रेग्युलेटर एकाच वस्तूत असतात. जागा कमी असेल त्यांनी तो पर्याय विचारात घ्यावा.

गेजच्या आकड्यावर डोळे मिटून विश्वास ठेवू नये, हे मी कारखान्यात शिकलो. माझे गेज शून्य ते पंधरा पौंडांचे आहे. अशा गेजमध्ये पूर्ण मापाच्या दोन टक्के चूक चालते असे धरले तरी ती ०.३ पौंड होते, आणि आपल्याला हवा असलेला दाबच दीड पौंड असल्यामुळे ही चूक त्याच्या पाचव्या हिश्श्याएवढी ठरते. म्हणून मी ते घरीच तपासले. गवंडी पातळी बघायला वापरतात ती पारदर्शक नळी अडीच-अडीच मीटरच्या दोन उभ्या बाजू होतील अशी दाराच्या चौकटीला इंग्रजी यू अक्षरासारखी बांधली, तिच्यात रंगवलेले पाणी भरले आणि एका टोकाला टी आकाराचा जोड लावून त्याला गेज आणि रक्तदाब मोजण्याच्या यंत्राचा रबरी फुगा लावला. एक पौंड दाब म्हणजे पाण्याचा सुमारे ७० सेंटीमीटर उंचीचा स्तंभ, म्हणून दीड पौंडाला १०५ सेंटीमीटर. फुगा दाबत दोन्ही बाजूंच्या पाण्यात बरोबर १०५ सेंटीमीटरचा फरक आणला तेव्हा गेजचा काटा पावणेदोनच्याही थोडा पुढे होता. काटा जिथे थांबला तिथे मी काचेवर पांढऱ्या रंगाचा बारीक ठिपका दिला. आता मी आकडा वाचत नाही, ठिपका पाहतो. रेग्युलेटरच्याच चकतीवर एक ते सहा असे आकडे छापलेले असतात, त्यांना तर मोजलेल्या दाबाची जागा कधीच देऊ नये.

विजेच्या बाजूचीही एक गोष्ट यात येते. मायनरची मूळ वायरिंग पॉझिटिव्ह अर्थची, म्हणजे बॅटरीचा धन ध्रुव गाडीच्या पत्र्याला जोडलेला असतो, आणि आमच्या गाडीत मी ती तशीच ठेवली आहे. नव्या पंपांच्या पोटात इलेक्ट्रॉनिक सर्किट असते, ते उलट जोडले तर जळते. एकच तार असलेला आणि अर्थ आपल्या धातूच्या अंगातून घेणारा साधा पंप अशा गाडीला चालत नाही. दोन तारांचा, अंग विजेपासून वेगळे असलेला पंप घ्यावा, त्याची लाल तार गाडीच्या पत्र्याला आणि काळी तार स्विचकडून येणाऱ्या लाइनला जोडावी. त्याच लाइनमध्ये मी धक्का बसताच वीज तोडणारा स्विच घातला आहे. यांत्रिक पंप इंजिन थांबले की थांबतो. विजेचा पंप अपघातानंतरही चावी चालू असेपर्यंत पेट्रोल ढकलत राहू शकतो. हा खर्च कोणीही टाळू नये असे मी कळकळीने सांगेन.

सगळे जोडून झाल्यावर बॅटरी लावली आणि इंजिन सुरू न करता नुसती चावी फिरवली. विजेच्या पंपाचा हा फायदा आहे की थंड, शांत इंजिनावर दाब देऊन गळती शोधता येते. प्रत्येक जोडाभोवती मी कोरड्या टिशू कागदाची पट्टी गुंडाळली होती. पंधरा मिनिटांनी सगळ्या पट्ट्या काढून उजेडात धरल्या. कार्बोरेटरच्या बाजूच्या निपलभोवतालच्या पट्टीवर नखाएवढा ओला डाग होता. डोळ्यांना तो जोड पूर्ण कोरडा दिसत होता. क्लिप पाव फेरा आवळली, पुन्हा पंधरा मिनिटे थांबलो, या वेळी पट्टी कोरडी निघाली. मग फ्लोटची पट्टी ७/१६ इंची सळईवर टेकवून पातळी पाहिली, झिजलेली सुई बैठकीसह बदलली आणि इंजिन चालू करून स्क्रूने काटा ठिपक्यावर आणला. लॉकनट आवळताना स्क्रू थोडा फिरतोच, म्हणून आवळल्यावर पुन्हा पाहावे लागते. मला तीनदा करावे लागले. शेवटी नट आणि स्क्रू यांच्यावरून लाल रंगाची एक सरळ रेघ ओढली; नट हलला तर रेघ तुटलेली दिसेल.

मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात, ऊन चढल्यावर मुद्दाम अकरा वाजता, आम्ही लोकमान्यनगरातून निघालो आणि पुन्हा चोरलला गेलो. तिथे गाडी सावलीत न लावता उन्हात उभी केली आणि बंद करून बॉनेट मिटलेलेच ठेवले. वीस मिनिटांनी उघडले तेव्हा काटा ठिपक्याच्या वर गेला होता, साधारण पाव पौंडाने. आखूड लाइनमध्येही कोंडलेले पेट्रोल फुगते ते असे. फ्लोट चेंबर मात्र बाहेरून कोरडा होता. हायलमच्या चकतीमागे फायरवॉलला हात टिकत नव्हता, रेग्युलेटरच्या अंगाला टिकत होता. स्टार्टर दिला, दुसऱ्या फेऱ्यात इंजिन लागले, आणि भेरूघाट आम्ही दुसऱ्या गिअरमध्ये न थांबता चढलो. वर आल्यावर भाच्याने बॉनेट उघडून पाहिले आणि काटा ठिपक्यावर आहे असे ओरडून सांगितले.

जुना एसयू पंप मी फेकलेला नाही. त्याचे पॉइंट नवे घातले आहेत, डायफ्रॅमचा संच परवाच आला. तो टेबलावर बॅटरीला जोडून केरोसिनच्या बाटलीतून चालवून पाहिला, तेव्हा बाटलीतून बाटलीत केरोसिन जात राहिले आणि बाहेरची वाट बोटाने दाबून धरली की तो गप्प होत होता. पावसाळ्यानंतर त्याला त्याच्या जागी परत बसवायचे आहे. ब्रॅकेटचे दोन बोल्ट सोडवले की ती जागा त्याच्यासाठी मोकळी होईल.